समुद्राची फाईल आणि वाशिमचा विद्यार्थी

- एक वकील, वाशिम

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात निघाली की आपल्या वस्त्यांमध्ये धावपळ सुरू होते. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लागतात, जात पडताळणीच्या फाईली शोधल्या जातात, आणि दहा-पंधरा होतकरू मुले-मुली कागदांची पिशवी घेऊन माझ्यासारख्या वकिलाकडे येतात. कुणाला कॉम्प्युटर शिकायचे असते, कुणाला मॅनेजमेंट, कुणाला कायदा, कुणाला समाजकार्य. हे सारे चांगलेच आहे. पण सागरी व किनारपट्टी धोरण या विषयाच्या फेलोशिपसाठी अर्ज करणारा एकही विद्यार्थी वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतून माझ्या वकिलीच्या काळात मला भेटलेला नाही. विषय काढला की लोक हसतात. म्हणतात, वकीलसाहेब, आपल्याकडे एकबुर्जीचे धरण आहे, समुद्र कुठून आणता?

हे हसणे मला धोक्याचे वाटते. ज्या विषयावर आपण हसतो, त्या विषयाचे निर्णय दुसरे लोक घेतात. आणि दुसऱ्यांनी आपल्याविषयी घेतलेल्या निर्णयांचा अनुभव या समाजाला काही कमी नाही.

आधी वाशिमचा आणि समुद्राचा संबंध पाहू. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेत जाते, प्राणहिता गोदावरीत, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात पडते. याच जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावणारी काटेपूर्णा अकोल्याकडे वाहत पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी अरबी समुद्राला. म्हणजे वाशिमच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. आणि तो पाऊस येतो कुठून? त्याच दोन समुद्रांकडून. आपले सोयाबीन आणि तूर ज्या मान्सूनवर उभे आहेत, तो समुद्राच्या तापमानावर चालतो. समुद्र बिघडला तर रिसोडच्या शेतमजुराचे काम बुडते, एवढे हे नाते सरळ आहे.

इतिहासही तेच सांगतो. आजचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघाला दान दिल्याचा शिलालेख तिथे आजही आहे. त्याच अजिंठ्याच्या भिंतींवर जहाजे रंगवलेली आहेत, समुद्र ओलांडणारे व्यापारी रंगवलेले आहेत. आपली बौद्ध परंपरा समुद्राला भिणारी नव्हती. सोपारा हे प्राचीन बंदर, तिथला व्यापारी पूर्ण हा भिक्खू झाला, त्याच सोपाऱ्याला सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले. महिंद आणि संघमित्रा समुद्र ओलांडून सिंहलद्वीपाला धम्म घेऊन गेले. समुद्र ओलांडणे हे पाप ठरवले ते ब्राह्मणी धर्मशास्त्रांनी. मनुस्मृतीने समुद्रप्रवास करणाऱ्याला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले. तेव्हा समुद्राकडे पाठ करून बसणे हा आपला वारसा नाही, तो आपल्यावर लादलेला आहे.

कायद्याच्या भाषेत बोलायचे तर समुद्रापासून दूर असणाऱ्यांचाही समुद्रावर हक्क असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्र कायदा करारात भूवेष्टित देशांसाठी स्वतंत्र भाग आहे. नेपाळ, भूतान यांसारख्या देशांना समुद्रापर्यंत ये-जा करण्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. कोणत्याही राष्ट्राच्या हद्दीबाहेरचा खोल समुद्रतळ हा अखिल मानवजातीचा सामाईक वारसा आहे, असे हा करार म्हणतो. भारताने १९९५ मध्ये हा करार मान्य केला. पाणी सर्वांचे आहे हे तत्त्व १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर ज्यांनी हाताने उचलून दाखवले, त्यांच्या वारसांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपण लढाऊ समाज आहोत. मोर्चा काढतो, कोर्टात जातो, पुष्कळदा जिंकतोही. पण कोर्टात जिंकलेले धोरणाच्या फाईलीत कसे हरवले जाते, याचे समुद्रकिनाऱ्यावरचे एक उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे.

तामिळनाडूच्या किनाऱ्यावर १९९० च्या दशकात भाताची शेते मोडून कोळंबीची तळी खोदली गेली. भातशेतीत मजुरी करणारे दलित भूमिहीन उघड्यावर आले, विहिरी खारट झाल्या. किळवेनमणीला १९६८ मध्ये ४४ दलितांना झोपडीत कोंडून जाळले गेले, तो हाच तंजावर-नागपट्टिनमचा भाग. तिथल्या भूमिहीनांसाठी काम करणारे सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. सर्वोदयाशी आपले वैचारिक मतभेद आहेत, पण खटला भूमिहीनांच्या पोटाचा होता. ११ डिसेंबर १९९६ ला न्यायालयाने निकाल दिला की किनारपट्टी नियमन क्षेत्रातील अशी कोळंबी शेती बेकायदा आहे, ती काढून टाका, आणि बाधितांना व मजुरांना भरपाई द्या. निकालाचा आधार होता केंद्र सरकारची १९९१ ची किनारपट्टी नियमन अधिसूचना, जिला आपण सीआरझेड म्हणतो.

पुढे काय झाले? २००५ मध्ये संसदेने किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरण कायदा केला आणि पूर्वलक्षी प्रभावाने सांगितले की १९९१ च्या अधिसूचनेतील ती बंदी अशा मत्स्यसंवर्धनाला लागूच नव्हती. ज्या पायावर निकाल उभा होता तो पायाच काढून घेतला. खटला चालवायला वकील होते. कायद्याचा मसुदा लिहिला जात असताना मात्र त्या खोलीत भूमिहीन दलितांचा माणूस नव्हता.

दुसरे उदाहरण २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे. त्याच नागपट्टिनममध्ये मदतीच्या याद्या झाल्या. नुकसान कुणाचे? ज्याची बोट गेली, जाळे गेले त्याचे. दलित होते बोटीवरचे आणि मिठागरातले मजूर, खाडीत हाताने मासे धरणारे. त्यांच्याकडे बोटही नव्हती आणि मच्छीमार जातीचा शिक्काही नव्हता. मग ते बाधित ठरलेच नाहीत. कित्येक ठिकाणी मदत छावणीत त्यांना वेगळे ठेवल्याच्या, पाण्यावरून अडवल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. लाट जात पाहून आली नव्हती, पण यादी मात्र जात पाहून झाली.

वाशिमच्या वाचकाला हे परके वाटणार नाही. इथे अतिवृष्टी झाली की पंचनामा होतो, भरपाई हेक्टरी मिळते, आणि सातबारा ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जाते. त्याच शेतात खुरपणारी, सोंगणी करणारी बाई यादीत कुठेच नसते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा झोडपला, तेव्हा श्रीवर्धन-मुरूडच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांची भरपाईही आधी क्षेत्रफळावरच मोजली गेली. वाडीत मजुरी करणाऱ्याचे हात कोणत्या हेक्टरात मोजायचे? बाधित कोण, ही व्याख्या कागदावर लिहिणारा माणूस जिथून आला असेल तिथलेच त्याला दिसते.

तिसरे उदाहरण आपल्याच राज्यातले. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ ला परवानगी दिली. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. मच्छीमार आणि आदिवासी वर्षानुवर्षे विरोध करीत आहेत. प्रकल्प चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवा. एकाच प्राधिकरणाचा निर्णय २५ वर्षांत उलटा होतो, याचा अर्थ प्राधिकरणात कोण बसते, कुणाचा अहवाल वाचला जातो, कोणता तज्ज्ञ बोलावला जातो, यावर हजारो कुटुंबांचे भवितव्य ठरते. त्या तज्ज्ञांत आपला माणूस किती वेळा दिसतो?

बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. त्यांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले, कोकणातले. कोकणच्या कुळांना पिळणाऱ्या खोती पद्धतीविरुद्ध त्यांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला कायदेमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाण्याचे देशव्यापी धोरण त्यांच्या खात्यात आकाराला आले. दामोदर खोरे योजना असो की १९४५ ची केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोगाची स्थापना असो, तिथे तेच होते. मोर्चाच्या पुढे चालणारा आणि मसुद्यावर सही करणारा माणूस एकच होता.

आणि हेच त्यांनी समाजासाठीही मागितले. २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी देशात वर्षाला २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी वर्षाला १ लाख रुपयांची मागणी होती. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, प्रगत विज्ञान-तंत्रज्ञानाने होईल, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. मी स्वतः कायद्याचा पदवीधर आहे, तरी हे मला मान्य करावेच लागते. १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५४-५५ पासून केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती योजना चालू आहे. महाराष्ट्राची शाहू महाराजांच्या नावाची योजना २००३ ची. म्हणजे आज जो अर्ज आपण भरतो, त्यामागे ८० वर्षांचा लढा आहे.

मग वाशिमच्या मुलाचा अर्ज अडतो कुठे? मी तीन जागा सांगतो.

पहिली जागा विद्यापीठाच्या क्रमांकाची. राज्याच्या योजनेत ७५ जागा आहेत आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावे लागते. केंद्राच्या योजनेत १२५ जागा, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, आणि विद्यापीठ पहिल्या ५०० मध्ये असावे लागते. आता सागरी धोरण शिकवणाऱ्या संस्था पाहा. स्वीडनमधील माल्मो येथील जागतिक सागरी विद्यापीठ हे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेने १९८३ मध्ये खास विकसनशील देशांसाठी काढले. ते एकाच विषयाचे पदव्युत्तर विद्यापीठ असल्याने सर्वसाधारण क्रमवारीत बसतच नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड विद्यापीठाचा सागरी व्यवहार विभाग या विषयातला फार जुना. ते विद्यापीठ ५०० च्या बाहेर. कॅनडाचे डलहौसी समुद्र कायद्यासाठी नावाजलेले. ते २०० च्या बाहेर, ५०० च्या आत. म्हणजे ज्या संस्था या विषयासाठीच ओळखल्या जातात त्यांतल्या काहींची दारे आपल्या नियमानेच आपल्याला बंद केली आहेत. दारे उघडी आहेत ती सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची, ड्यूकची, ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँगची. ही क्रमवारी दरवर्षी बदलते, म्हणून जाहिरातीत सांगितलेल्या वर्षाची यादी पाहूनच विद्यापीठ निवडावे.

दुसरी जागा अटींची. २०२२ मध्ये केंद्राने परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले. याचा अर्थ नीट समजून घ्या. कोकणच्या किनाऱ्यावर वादळानंतर भरपाई कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हा विषय घेऊन आपला विद्यार्थी परदेशी जाऊ म्हणाला तर तो भारतविषयक सामाजिक अभ्यास ठरवून बाजूला टाकता येतो. जातीचा अभ्यास परदेशी विद्यापीठात होऊ नये, हा या अटीचा परिणाम आहे, आणि तो योगायोग आहे असे मला वाटत नाही. राज्यानेही हात आखडला. पूर्वी पहिल्या १०० विद्यापीठांसाठी उत्पन्नाची अट नव्हती, नंतर सर्वांनाच ८ लाखांची मर्यादा आली. २०२४ च्या जाहिरातीत दहावी, बारावी आणि पदवीला ७५ टक्के गुणांची अट घातली गेली. विद्यार्थी आणि संघटना उठल्या तेव्हा ती मागे घेतली गेली. संघटित आवाज उठला की अट जाते, हा त्यातला धडा.

तिसरी जागा वेळेची आणि पैशाची. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. आपली मुले जागी होतात ती शिष्यवृत्तीची जाहिरात वाचून, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याच्या आसपास. प्रवेशपत्र हातात नसेल तर राज्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज उभाच राहत नाही. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेची फी १६ हजारांच्या वर, ती द्यायला नागपूर किंवा पुणे गाठायचे, शिवाय प्रत्येक विद्यापीठाची अर्ज फी वेगळी. शेतमजूर आईची दीड-दोन महिन्यांची मजुरी एका परीक्षेत जाते, तीही प्रवेश मिळेल याची खात्री नसताना. आणि निवड झाली तरी पैसा येईलच असे नाही. २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच तात्पुरती पत्रे दिली गेली, उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास असे कळवले गेले. निवड झालेल्या मुलाला असे कळवणे म्हणजे जेवायला बोलावून पंगतीबाहेर उभे करणे होय.

इथे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. आपल्या मुलांना वसतिगृहात जागा मिळत नाही, बार्टीच्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ मध्ये आझाद मैदानावर बसावे लागले, आणि तुम्ही समुद्राच्या गोष्टी काय करता? प्रश्न रास्त आहे. पण वसतिगृहाचा लढा आणि समुद्राचा अर्ज यांत निवड करायला आपल्याला सांगितले जाते, तेच मुळात चुकीचे आहे. वसतिगृहाची मागणी आपण जन्मभर करीत राहावी आणि ७६ हजार कोटींचे निर्णय दुसऱ्यांनी घ्यावेत, अशी वाटणी कुणी केली? नीती आयोगाने २०१८ मध्ये वाशिमला आकांक्षित जिल्हा म्हणून जाहीर केले. त्या आकांक्षेत आमच्या मुलीने समुद्र कायद्याची तज्ज्ञ होणे का बसू नये?

दुसरा आक्षेप असा की परदेशी गेलेला परत येत नाही. १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती आजही खरी आहे. म्हणूनच मी हा विषय सुचवतो. किनारपट्टीचे धोरण शिकलेल्याचे काम ज्या किनाऱ्याचे धोरण आहे त्या किनाऱ्यावरच असते. आपल्या राज्यात मेरीटाईम बोर्ड आहे, मत्स्यव्यवसाय खाते आहे, किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आहे, पुण्याला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे. जाणकार माणसाची गरज या प्रत्येक ठिकाणी आहे.

आता विद्यार्थ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

या विषयाला समुद्राकाठी जन्म लागत नाही. नागपूर आणि उदगीर या समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांबच्या गावी मत्स्यविज्ञानाची सरकारी महाविद्यालये आहेत. बारावी विज्ञानानंतर तिथून सुरुवात करता येते. पुढे मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. कायदा, अर्थशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र यांचे पदवीधरही धोरणाच्या अभ्यासक्रमाला जाऊ शकतात. जे मत्स्यव्यवसाय, बंदरे, पर्यावरण या खात्यांत नोकरीला लागले आहेत, त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रे आणि जपानच्या निप्पॉन फाउंडेशनची समुद्र कायद्याची ९ महिन्यांची फेलोशिप २००४ पासून आहे. आपल्या किती अधिकाऱ्यांनी तिची चौकशी केली?

कागदांचे पाहा. जात प्रमाणपत्र, जात पडताळणी, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट हे पदवीच्या शेवटच्या वर्षाआधी तयार पाहिजेत. धर्मांतरित बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्रावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. राज्याच्या आणि केंद्राच्या नमुन्यातला हा फरक न कळल्याने ऐन वेळी अर्ज अडतात. दोन्ही प्रमाणपत्रे वेळेत काढून ठेवा.

शिफारसपत्राचे पाहा. परदेशी विद्यापीठे शिक्षकाच्या संस्थेच्या ईमेलवर थेट विचारणा करतात. आपल्या कित्येक प्राध्यापकांकडे असा पत्ताच नसतो, आणि पत्र दिले तर ‘सदर विद्यार्थी सुशील व मेहनती आहे’ एवढ्या दोन ओळींचे. त्यात मुलाने काय वाचले, काय केले, कुठे वेगळा ठरला, हे यायला हवे. प्राध्यापकांनी एवढे कष्ट घ्यावेत. विद्यार्थ्यांनी त्यांना किमान दोन महिने आधी सांगावे आणि आपल्या कामाची टिपणे लिहून द्यावीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे उद्देशपत्र, म्हणजे मला हे का शिकायचे आहे याचे दोन पानांचे निवेदन. इथे आपली मुले इंटरनेटवरून उचललेली निळ्या समुद्राची वर्णने लिहितात. कशाला? तुम्ही जे पाहिले ते लिहा. पैनगंगेच्या पुरात कुणाचे घर यादीत आले आणि कुणाचे राहिले ते लिहा. सातबारा नसलेल्या आईला भरपाई का मिळाली नाही ते लिहा, आणि हाच प्रश्न किनाऱ्यावरच्या बोट नसलेल्या मजुराचा कसा आहे ते दाखवा. निवड समितीपुढे समुद्रकाठच्या बंगल्यात वाढलेला उमेदवार हे लिहू शकणार नाही. केंद्राच्या अर्जात मात्र विषयाचे नाव देताना सावध राहा. किनारी हवामान बदल, आपत्ती नुकसानभरपाईचे धोरण, समुद्र कायदा अशा नावाखाली तोच अभ्यास करता येतो.

शेवटी चळवळीचे काम. सरकारकडे आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. एक, सर्वसाधारण क्रमवारीऐवजी विषयवार क्रमवारी धरावी आणि जागतिक सागरी विद्यापीठासारख्या एकविषयी संस्थांची स्वतंत्र यादी मान्य करावी. दोन, २०२२ चे विषय वगळणारे कलम रद्द करावे. तीन, भाषा परीक्षेची आणि प्रवेश अर्जांची फी समाजकल्याण विभागाने आगाऊ द्यावी. चार, अमेरिकेत १९७९ पासून सागरी धोरणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षभर कायदेमंडळात वा सरकारी खात्यात काम देणारी नॉस फेलोशिप आहे. तशी फेलोशिप महाराष्ट्राने मेरीटाईम बोर्ड आणि मत्स्यव्यवसाय खात्यात सुरू करावी, आणि तिच्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त व मच्छीमार समाजाच्या मुलामुलींना आरक्षण ठेवावे.

आणि सरकारची वाट न पाहता करण्यासारखे कामही आहे. प्रत्येक तालुक्याच्या एका विहारात दर जून महिन्यात एक बैठक व्हावी. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुले-मुली बोलवावीत, त्यांच्या कागदांची यादी भिंतीवर लावावी. नोकरदार बांधवांनी १४ एप्रिलच्या वर्गणीतला दहावा हिस्सा परीक्षा फीसाठी बाजूला काढावा. डीजेचा एक तास कमी झाला तर एका मुलीची परीक्षा फी निघते. ज्यांची मुले परदेशी शिकून आली, त्यांनी त्यांचे यशस्वी झालेले अर्ज कपाटात न ठेवता इतरांना दाखवावेत.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेले. १९१७ मध्ये परतताना वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे पुस्तकांचे सामान महायुद्धात बुडाले. तीन वर्षांनी पैसा जमवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करून आले. वाशिमच्या मुलामुलींना एक अर्ज नाकारला गेला तर दुसरा करायला एवढे उदाहरण पुरे आहे. येत्या डिसेंबरच्या आधी या जिल्ह्यातून सागरी धोरणासाठी निदान पाच अर्ज जावेत. ज्यांना करायचे आहेत त्यांचे कागद तपासून द्यायला वाशिमच्या कोर्टाच्या आवारातले आम्ही वकील तयार आहोत.

जय भीम!